शर्ट जपा, साहेब

भाजीच्या रांगेत नगरपालिकेचे साहेब उभे होते. प्लास्टिकच्या पिशव्या कमी कशा करायच्या, याचे तीन पर्याय उद्या सभेत मांडायचे होते. फाईल हातातल्या पिशवीत होती. पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"बंदी आली तर गं?"

"गादीखाली शंभरेक पिशव्या आहेत माझ्या."

"दंड लावला तर?"

"पर्समध्ये कोंबून नेईन."

"पिशवीचे पैसे घेतले तर?"

"घासाघीस करून भाजीत वसूल करीन."

"मग आज ही कापडी कशी?"

"घरात प्लास्टिक दिसलं, की सासूबाई माझा एक ड्रेस कापून पिशवी शिवतात. हा तिसरा."

साहेब खाकरले. "ताई, सासूबाई उद्या नगरपालिकेच्या सभेला येतील का?"

"येतील की! पण तुमची फाईलही प्लास्टिकच्याच पिशवीत दिसतेय. शर्ट जपा हो, साहेब."