भरिताचं वांगं

"शिकवते कसली? पोरांना चिखल खेळवते," असं सासूबाई त्यांच्या नणंदेला, धुळ्याहून आलेल्या अक्कांना, सांगत होत्या आणि मी दारात चपला काढत होते. लग्नाला तीनच महिने झालेली सून अशा वेळी चपला जरा सावकाश काढते.

त्या दिवशी सातवीच्या मुलींनी माझ्या तासाला मातीची वांगी केली होती. आपली भरिताची, हिरवट-पांढरी. त्यातलं एक इतकं झकास जमलं होतं, की मी ते घरी दाखवायला आणलं होतं. आता कसलं दाखवते! गुपचूप ओट्यावर भाजीशेजारी ठेवलं आणि कपडे बदलायला गेले.

परत येते तर दोघी गॅसपाशी.

"काळं पडलं, पण मऊच होईना," सासूबाई चिमट्यानं वांगं फिरवत म्हणाल्या.

"जड शे ना? मग निब्बरच शे," अक्का म्हणाल्या. "भाजीवाल्यानं फसवलं तुला."

"अहो, देठ बघून घेतलंय! काटेसुद्धा ताजे होते."

मग मात्र मला राहवेना.

"आई, राहू द्या अजून थोडं," मी म्हटलं. "मुलींचं मातीकाम भाजायला आमच्या शाळेत भट्टी नाही."