रामाची बोटं

साताऱ्याच्या स्टँडवर शिरवळच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढं एक पेन्शनीतला फौजी आणि त्याची बायको.

"सशाचं पिल्लू म्हणून आणून दिलंसा मला."

"दोनदा रस्सा मागून घेतलास की."

"ससा म्हणून घेतला. खार म्हणाला असतासा तर चुलीपाशी बी येऊ दिली नसती."

"म्हणूनच बोललो न्हाई."

"आज जाऊबाई सांगत्यात, भावजी परड्यात खार सोलत बसलं व्हतं. मला लाज वाटली ऐकताना."

"लाज कशाची? पोट साफ करून, हळद-मीठ चोळून दिली तुला. तू नुसती फोडणी घातलीस."

"आवं, तिच्या पाठीवर रामाची बोटं असत्यात."

"ती कातड्यावर असत्यात. कातडं उकिरड्यावर टाकलं मी."

"फौजेत हेच शिकवलं व्हय तुमास्नी?"

"फौजेत मिळंल ते खाल्लंय. आन् परड्यातलं पेरू रोज कोण नासवत व्हतं? गलोलीच्या एका खड्यात पाडली."

"लांबनं?"

"लांबनं कशाला? माणूस बघून पळाली बी न्हाई. उलट जवळ आली, खायला मागितल्यागत."

गाडी लागली. रांग पुढं सरकली, बाई जाग्यावरच उभी.

"शेपटी तुटकी व्हती का तिची?"

"व्हय. तुला कसं ठावं?"

"रोज सकाळी माझ्या हातावरचं शेंगदाणं खायची ती. त्याच हातानं फोडणी घालाय लावलीसा मला."