निकाल द्यायचा नाही

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला, भांडणं मिटवणाऱ्या मध्यस्थाच्या परवान्याची परीक्षा होती. बाहेर आपला नंबर यायची वाट पाहणाऱ्या नोरीनच्या कानावर समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

"बस ना, क्लाइव्ह. किती येरझाऱ्या घालशील?"

"दोनदा नापास झालोय, व्हेल्मा."

"दोन्ही बाजू ऐकायच्या, निकाल द्यायचा नाही. एवढंच तर आहे!"

"तीस वर्षं हॉकीत पंच होतो. चूक दिसली की तोंड उघडतंच."

"घरी कुठे उघडतं? लेक चार वर्षं माझ्याशी बोलत नाही, आणि तू आपला गप्प."

"कारण चूक कोणाची, ते मला ठाऊक आहे."

"कोणाची?"

क्लाइव्ह तिच्या शेजारी टेकला.

"ते राहू दे. तुला काय हवंय?"

"तिनं... एकदा फोन करावा."

आतून क्लाइव्हचं नाव पुकारलं. तो ताडकन उठेल, असं नोरीनला वाटलं. त्यानं नुसता हात वर केला.

"दोन मिनिटं थांबा. ही बोलतेय."