रस्त्यावर आलेली शेपटी

आमच्या निकम बाईंचं डोकं काय चालायचं, विचारू नका! नव्वद सालाच्या आसपास दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात मी दुसरीला शिकवायचो, बाई पहिलीला. त्यांनी वर्गात डायनासोरचं चित्र लावलं आणि वैशाली नावाची पोरगी दारातच रडायला लागली. आत पाऊल टाकेना. मी म्हटलं, "बाई, चित्र काढून टाका."

"छे हो सर! चित्रात तिला नुसते दातच दिसतात. अख्खा दाखवते."

बाईंनी कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेतली आणि पोरांना घेऊन अंगणात खऱ्या मापाचा डायनासोर आखायला लागल्या. वैशालीला म्हणाल्या, "हा कधीचा झोपलाय. याची झोप मोडायची नाही, हे तुझं काम." पोरगी डोळे पुसून पहाऱ्यावर उभी राहिली.

पण अंगण पुरेना. शेपटी फाटकातून थेट रस्त्यावर गेली, आणि नेमकी समोरून एसटी आली. वैशाली दोन्ही हात पसरून रस्त्यात! ड्रायव्हरने लांबूनच गाडी थांबवली आणि खाली उतरला.

"हाई काय शे, माय?"

"शेपटी शे," ती कुजबुजली. "भाऊ, हळू बोला. तो झोपेल शे."

ड्रायव्हरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. गडी गुपचूप गाडीत चढला आणि हॉर्न न वाजवता शेपटीला वळसा घालून निघाला. आतून सगळ्या प्रवाशांना दटावणारा कंडक्टरचा दबका आवाज आला, "बठ्ठा चूप बसा!"