लगाम धरणारा

तार आली तेव्हा मी सियागंजाच्या बाजारातून गूळ घेऊन घरी आले होते. नाला ओलांडताना हे वाहून गेले, दहन तिथेच केलं, एवढंच तारेत होतं.

आमचं घर संस्थानच्या पागेतलं. सासऱ्यांचा जन्म घोड्यांत गेला आणि ह्यांना घोड्याची भीती, लहानपणी पडले होते ना, ती भीती काही गेली नाही, मग सासूबाई म्हणायच्या, पागेच्या घरात छत्रीवाला जन्मला. संस्थान जाऊन मध्यभारत झाला, पागा मोडली, हे शेतकी खात्यात लागले आणि बदली झाली वर डोंगरात, भिलांच्या गावी. मक्याचं बियाणं वाटायचं, सगळं पायी, छत्री घेऊन.

काय सांगू तुम्हाला, हे गेल्यावर वर्षाने मी तिथे गेले तर श्रावणातही सकाळी शाल लागत होती. तिथे वारलेल्या माणसाचा दगड कोरून शेताच्या कडेला उभा करतात, गाता म्हणतात त्याला, आणि घरच्या माणसाने शेंदूर लावल्याशिवाय तो उभा राहत नाही. म्हणून माझी वाट बघत दगड गवतात आडवा ठेवलेला. बघते तर दगडात कोरलेले हे घोड्यावर, हातात छत्री. मी म्हटलं, हे माझे नाहीत, मी हात लावणार नाही. ढोल वाजत होता, तो थांबला.

कालूसिंग, ज्याच्या ओसरीवर हे राहायचे, तो म्हणाला, बाई, इधर तो बहुत पैदल चला, उधर भी चलेगा क्या? मी म्हटलं, भैया, ते घोड्याला घाबरायचे. तर बायका हसायलाच लागल्या, हमको मालूम है, घोड़ी बँधी दिखे तो साब खेत में से घूमके आता था. मग कालूसिंगने घोड्याच्या तोंडापाशी बोट ठेवलं. तिथे बोटभर माणूस कोरलेला होता, लगाम धरलेला. हा कोण, मी विचारलं. मैं, तो म्हणाला, गिरने नहीं दूँगा. मागून त्याची बायको पुटपुटली, जिंदा आदमी पत्थर में जा बैठा, मेरी सुनता कौन है.

कुंकू पुसल्यावर वर्षाने माझ्या बोटाला शेंदूर लागला. दगड उभा राहिला.

घरी येऊन सासूबाईंना भीतभीत सगळं सांगितलं. त्या वाती वळत राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, लगाम नीट धरलाय ना त्याने? मी म्हटलं, हो.

आता सासूबाई नाहीत, कालूसिंगही गेला म्हणतात. माझ्याने डोंगर चढवत नाही. दगड तिथे आहे, आणि त्यावर ते दोघे आहेत.