सशाचं हाड

घशाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या वडिलांना आत नेलं होतं.

“ताई, अगं सशाचं हाड केवढं बारीक असतं! बघून वाढायचं ना.”

“अरे, दोनदा सांगितलं, बाबा, हाडं बघून खा. म्हणाले, दिसतंय मला.”

“पण ससा करायची अवदसा कुठून आठवली तुला?”

“तेच म्हणाले, आईसारखा कर एकदा. आठवतं, शेतावर आई चुलीवर शिजवायची? आपण नुसते तुटून पडायचो.”

“आणि आई बाबांचं ताट स्वतःपुढे ओढायची. एकेक हाड वेचून मगच त्यांना द्यायची. मी चिडवायचो, किती ते लाड!”

“तिचं जेवण तोवर निवून जायचं... अजून कसं कुणी बाहेर येत नाही रे?”

तेवढ्यात नर्स बाहेर आली. दोघंही ताडकन उठले.

“हाड निघालं. आता काळजी नाही. त्यांचा चष्मा आणलाय का?”

“चष्मा लागत नाही त्यांना.”

“अहो, डॉक्टरांनी डोळ्यांसमोर धरलेलं हाड त्यांना दिसेना. म्हणाले, कित्येक वर्षांपासून असंच आहे, फक्त बायकोला ठाऊक होतं.”

भाऊ बहिणीकडे वळला.

“ताई, आईला जाऊन दोन वर्षं झाली. इतके दिवस बाबा जेवत काय होते?”

“रोज मऊ भात मागायचे. मला वाटायचं, आई गेल्यापासून त्यांची जेवणावरची वासनाच उडालीय.”