हलक्या हाताची मुलगी

—नाही, रडायचं ते इथेच रडून घे, आत मेट्रनबाईंसमोर नाही. त्यांना रडणाऱ्या मुली आवडत नाहीत, आणि खरं सांगू का, मलाही नाही. बस त्या गठ्ठ्यावर. चादरींच्या खोलीत आता कोणी येत नाही. हां, ऐक. आत गेलीस की विचारतील, घड्याळवाल्या काकांना इन्सुलिन का दिलंस. काय सांगशील? — नाही, ते नाही सांगायचं. सिस्टरांनी सांगितलं म्हणून दिलं, हे वाक्य गिळून टाक. तू म्हणायचंस, पाटी बघितली नाही. संपलं. उशाशी ‘उपाशी’ लिहिलेली एवढी मोठी पाटी, तपासणीसाठी सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि अशा माणसाला इन्सुलिन टोचलं तर साखर उतरून तो गपकन बेशुद्ध पडतो, हे पहिल्या वर्षाची पोरगी पण सांगेल. तू तर दुसऱ्या वर्षाला आहेस. म्हणजे होतीस, असं म्हणू या.

माझी पद्धत तुला कोणी सांगितली नव्हती? नसेलच सांगितली, वरच्या वर्षाच्या मुली मुद्दाम सांगत नाहीत, त्यांनी भोगलंय ना. प्रत्येक बॅचला मी एकदा तरी चुकीचं सांगते. ठरवून. कोण उलट विचारतंय ते बघते. ‘सिस्टर, पण हे तर उपाशी आहेत’ — बास, एवढंच हवं असतं मला. जी विचारते ती नर्स होते. जी विचारत नाही तिचं मनगट मी पकडते, सुई टेकायच्या आत, आणि सगळ्या वॉर्डासमोर अशी सोलून काढते की जन्मात विसरत नाही. माझ्या हाताखालच्या मुली कुठे कुठे इनचार्ज झाल्यात, उगाच नाही. रस्त्यात मी दिसले तर पलीकडच्या बाजूला जातात, ते सोड. शिकल्या की नाही?

तू नाही विचारलंस. पाटीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, मी मान हलवली — आणि तू टोचून मोकळी. का गं? माझ्यावर विश्वास होता म्हणून? विश्वास ठेवायला मी काय तुझी मावशी लागते?

मनगट? — मनगट नाही पकडलं ते — मला फोन आला होता. असं बघू नकोस. बरं, नव्हता आला फोन. तुझ्या शेजारीच उभी होते, हात पुढे करायचा अवकाश होता. पण आदल्या दिवशी काका काय म्हणाले ते तुला आठवतंय ना? सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं? ‘सिस्टर, उद्यापासून या पोरीलाच पाठवत जा, हिचा हात हलका आहे, तुम्ही टोचता म्हणजे खिळा ठोकता.’ शेजारचा प्लॅस्टरवाला हसला, वॉर्डबॉय हसला, आणि तू पण हसलीस. खाली बघून का होईना, हसलीस. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, हातातलं कसब मला कळतं, म्हणे. अरे, आल्या दिवसापासून त्यांचं सगळं मी केलं, त्यांची उलटी मी ओंजळीत धरलीये, सून नाकाला रुमाल लावून बाहेर उभी होती तेव्हा — आणि हात हलका कोणाचा, तर परवा आलेल्या पोरीचा. म्हटलं, बघू या हा हलका हात. बास, एवढंच आलं मनात. तोवर तुझी सुई बाहेर पण आली होती.

मग तेव्हाच डॉक्टरांना सांगायला हवं होतं, कळतं मला, मला शिकवू नकोस. म्हटलं, राउंड संपला की सांगते, तोवर तुझी जरा तंतरू दे. राउंड लांबला. आणि तू किंचाळलीस तेव्हा काका घामाने निथळत होते, हाक मारली तर ओ नाही.

हे मी बोलले नाही आणि तू ऐकलं नाहीस. आत जाऊन सांगितलंस तरी कोण मानणार आहे? माझा वॉर्ड गेला तर मला दुसरं काय आहे — घरी कुलूप आहे, बाकी काही नाही. तुझं काय, एक वर्ष जाईल. वडील शिंपी आहेत ना तुझे? त्यांना सवय असेल, उसवायचं आणि परत शिवायचं. पुढच्या वर्षी मी स्वतः शब्द टाकून तुला परत आणीन. माझ्याच हाताखाली. आता केस नीट कर, तोंड पूस, आणि सांग बघू एकदा, पाटी बघितली नाही — काय? मोठ्याने बोल, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस. मघापासून हेच विचारतेयस? मला वाटलं, वर्ष जाणार म्हणून रडतेयस.

काका कसे आहेत.

आयसीयूत नेलं, ते तूही बघितलंस. त्यानंतर — त्यानंतर मी विचारलं नाही. कसं विचारणार, लोक म्हणतील, सिस्टरांना आजच एवढी काळजी कशाला. नाही, शुद्धीवर आले की नाही, तेही नाही माहीत. — झालं, बोलावतायत तुला. जा. जा म्हटलं ना, माझ्याकडे काय बघतेस.